‘आपोआप’ घरी?

अल्पवयीन मुलांनी रात्री बाहेर जमू नये म्हणून लावल्या जाणाऱ्या संचारबंदीवरचा तुमचा लेख वाचला. बाकी ठीक, पण त्यातलं "संचारबंदी लागली की मुलं आपोआप घरी जातात" हे वाक्य वाचून हसू आलं. मी दोन वर्षं एका गजबजलेल्या भागात सिनेमागृहाच्या तिकीट खिडकीवर रात्रपाळी केली आहे. भोंग्यावरून "चला, निघा" सुरू झालं की घोळका चौकातून शेजारच्या गल्लीत, तिथून पार्किंगमध्ये. उजेड आणि वर्दळ असलेल्या जागेवरून काळोखात! एकदा पंधराएक वर्षांची मुलगी चार्जर मागायला आली. फोन बंद, मैत्रिणी पांगलेल्या, वडील पोहोचायला तासभर. बाहेर थांबली असती तर नियम मोडणारी तीच ठरली असती. मी तिला आत बसवलं (मॅनेजर बडबडला, बडबडू दे).

लेखात अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधल्या नेव्ही यार्ड या भागाचा दाखला आहे. तिथला 2025चा नियम असा होता की जाहीर केलेल्या भागात रात्री 8 नंतर 18 वर्षांखालच्या नऊ किंवा अधिक जणांनी जमायचं नाही. म्हणजे आठ जण चालतील, नववा आला की पांगा! त्याच वर्षी शिकागोत आयत्या वेळी संचारबंदी लावण्याचा अधिकार पोलिसांना देणारा ठराव महापौर ब्रँडन जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरून अडवला, ते लेखात का नाही? आणि पांगवल्यावर मुलांनी जायचं कशाने? त्या वेळेला जादा बस सोडल्या का, एवढं तरी विचारायचं होतं.