अपंगत्व निवृत्तिवेतन बुडवण्याचे खात्रीचे मार्ग

माजी सैनिक बंधूंनो, सेवेत असताना कान, गुडघा किंवा पाठीचा मणका गमावून आपण मुंबईत स्थायिक झाला असाल, एखाद्या गृहसंकुलाच्या फाटकावर रात्रपाळी करीत असाल आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा फेटाळल्याचे पत्र नुकतेच हाती पडले असेल, तर सर्वप्रथम त्या पत्रावर श्रद्धा ठेवा. माझे थोरले बंधू तोफखान्यात होते. भरतीच्या वेळी त्यांचे दोन्ही कान ठणठणीत असल्याची नोंद आहे. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, बहिरेपणा मान्य केला, त्याची टक्केवारीही लिहिली, आणि सैनिकी सेवेमुळे तो उद्भवला नाही व बळावलाही नाही, असा निर्वाळा दिला. ज्याअर्थी तोफांनी तो आला नाही, त्याअर्थी आमच्या वहिनींच्या बोलण्याने आला असावा.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचण्याच्या फंदात पडू नका. भरतीच्या वेळी जवानाच्या प्रकृतीत दोष नोंदवलेला नसेल आणि पुढे प्रकृती बिघडून त्याला सेवेबाहेर पडावे लागले, तर तो बिघाड सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले. 2014 च्या राम अवतार निकालाने त्यापुढे जाऊन, निवृत्तिवेतन मोजताना 50 टक्क्यांहून कमी असलेले पात्र अपंगत्व 50 टक्के धरण्याचा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. असले काही वाचले की माणूस कार्यालयात ताठ मानेने बोलू लागतो आणि समोरच्या कारकुनाला त्रास होतो.

मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत मागू नका. माहितीच्या अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कावर जिच्यासाठी अर्ज करता येतो, ती वस्तू कामाची कशी असेल?

घाईही करू नका. मुलीचे लग्न होऊ द्या, गावच्या घराची कौले बदलून घ्या, मग सावकाश दाद मागा. उशीर झाला म्हणून निवृत्तिवेतनाचा हक्क मरत नाही, परंतु थकबाकी साधारणपणे दाद मागण्याआधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते, हे तरसेम सिंग प्रकरणात 2008 सालीच ठरलेले आहे. त्याआधीची सगळी वर्षे राष्ट्राला अर्पण होतात, आणि अर्पण करण्याची सवय आपल्याला आहेच.

आता मुख्य सल्ला. वकिलाकडे थेट जाऊ नका, 'सल्लागारा'कडे जा. गेल्या आठवड्यात बंधूंना घेऊन मी दादर स्थानकाजवळच्या अशाच एका पोटमाळ्यावर गेलो होतो. भिंतीवर तिरंगा, टेबलावर रणगाड्याची छोटी प्रतिकृती आणि बोलण्यात दर वाक्याला 'जय हिंद' असल्यामुळे तेथे संशयाला जागा नव्हती. अटी सोप्या होत्या: थकबाकीतील 30 टक्के त्यांचे, त्याच्या हमीसाठी सही केलेला कोरा धनादेश, आणि डिस्चार्ज बुक, म्हणजे सैनिकाच्या सेवेची नोंदवही, मूळ प्रतीत त्यांच्या कपाटात. मी पावतीचे विचारले तेव्हा त्या गृहस्थांनी माझ्याकडे दयेने पाहिले आणि बंधूंना मोठ्याने म्हणाले, "काका, तुम्हाला नाहीतरी काहीच मिळत नव्हतं, आता सत्तर टक्के फुकट मिळतायत." फुकट! ज्याने उमेदीची वर्षे तोफेशेजारी काढली, त्याला त्याच्याच कानांची भरपाई हा इसम फुकट देत होता. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा मागणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणूनच मधे हा वकील नसलेला माणूस बसवलेला असतो, कागद तो गोळा करतो, टक्केवारी तो घेतो, आणि खाली सही करणाऱ्या वकिलाचे तोंड अशिलाला कधी दिसतही नाही. ज्या मुद्द्यावर कायदा बराचसा ठरलेला आहे, ज्या अर्जाचा मजकूर एका जवानाचे नाव खोडून दुसऱ्याचे घातले की तयार होतो, त्याचे हे 30 टक्के आहेत. बाहेरच्या बाकावर साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेले आणखी दोघे धनादेश पुस्तक घेऊन बसले होते.

फुकटचा वकील मात्र मुळीच स्वीकारू नका, त्यात प्रतिष्ठा नाही.

आणि असले दावे जेथे चालतात त्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जिंकलातच, तर पैसे लगेच येतील अशी अपेक्षा बाळगू नका. आदेशाची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा वेगळा अर्ज करावा लागण्याची पाळी अनेकांवर येते, आणि सरकार वरच्या न्यायालयात गेले तर तेही पाहावे लागते. अपंग सैनिकांविरुद्धची अशी खटलेबाजी कमी व्हावी, म्हणून मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 साली तज्ज्ञांची समिती नेमली गेली होती आणि तिने तसे स्पष्ट सुचवलेही होते. ते सरकारी वकिलांच्या वाचनात यायचे राहिले असावे.

आता पुरे झाला उपरोध. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा आहे. त्याच्या कलम 12 नुसार अपंग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, म्हणजे जवानाच्या विधवेलाही, उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो, आणि त्या कायद्यातील 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरणही येते. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ याच मुंबईत आहे. तेथे अर्जदाराला स्वतः उभे राहून बोलण्याचीही मुभा आहे. 2025 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. हे सारे असताना, बंधूंनी ज्या ज्या खिडकीवर कागद दाखवले तेथील एकाही माणसाने यातला एक शब्द उच्चारला नाही. त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणावे, तर मग पगार कशाचा घेता? आणि ठाऊक असून गप्प बसलात, तर त्या पोटमाळ्यावरचा धंदा तुमच्याच मौनावर चालतो. ध्वजदिनाला छातीवर झेंडा टोचून घेता, तेव्हा समोर उभ्या असलेल्या बहिऱ्या माणसाला मोफत वकील कुठे मिळतो एवढे कागदावर लिहून द्यायला काय होते? दावा फेटाळल्याच्या पत्राखाली विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मराठीत छापा. दोन ओळींचे काम आहे, त्याला समिती लागत नाही.