गुळाच्या खड्याने कारखान्यातील धूळ जात नाही
भोसरी-चाकणच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वारंवार फिरतो: "कॅन्सर तंबाखूने होतो, कामाने नव्हे, तीस-तीस वर्षे कारखान्यात काढलेली माणसे ठणठणीत आहेत, पाळी सुटल्यावर गुळाचा खडा खाल्ला की धूळ निघून जाते." यावर विसंबून माणसे जिवाशी खेळतात, म्हणून हे उत्तर.

तंबाखू घातक आहे, याविषयी वाद नाही. परंतु धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी असल्याचे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवले होते. अमेरिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अ‍ॅस्बेस्टॉस (उष्णता रोखण्यासाठी वापरले जाणारे तंतुमय खनिज) आणि धूम्रपान या दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत, धूम्रपान न करणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ५ पट, तर धूम्रपान करणाऱ्या कामगारांत ५० पटींहून अधिक आढळले. तेव्हा कामगाराच्या विडीकडे बोट दाखवून मालकाची जबाबदारी संपत नाही. उलट त्या कामगाराला धुळीपासून अधिकच जपावे लागते.

'तीस वर्षे' हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) पहिल्या संपर्कानंतर बहुधा २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, उघडकीस येतो. शिवाय आजारी पडलेला माणूस काम सोडून गावी जातो, आणि तो कंत्राटी असेल तर हजेरीपटावर त्याचे नावही उरत नाही. खात्यात दिसतात ते धडधाकट तेवढेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यनोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला आहे. म्हणूनच निवृत्त कामगारानेही दवाखान्यात गेल्यावर कोणत्या खात्यात, कशाच्या धुळीत, किती वर्षे काम केले हे केसपेपरवर लिहून घ्यावे.

राहिला गूळ. लखनौच्या संशोधकांनी १९९४ मध्ये गुळाने फुप्फुसातील कण हलण्यास मदत होते असे दाखवले, हे खरे. पण तो प्रयोग उंदरांवरचा होता, आणि त्यातून माणसाचा कर्करोग टळतो असे सिद्ध होत नाही. खाल्लेला गूळ जठरात जातो, सिलिकाचा (वाळू-दगडाच्या धुळीतील खनिजाचा) सूक्ष्म कण मात्र फुप्फुसाच्या वायुकोशांत रुतून बसतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. धूळ उठते तेथेच ती पाण्याने बसवणे, वेल्डिंगचा धूर नाकापर्यंत येण्याआधी खेचून घेणारा एक्झॉस्ट बसवणे आणि त्यानंतरही उरणाऱ्या धुळीसाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क देणे, हा खरा प्रतिबंध आहे. आणि तो खर्च कारखान्याने करायचा आहे.