‘गरम होतंय का ते त्यालाच विचारा की!’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा लक्षात आलं की निम्मी बरोबर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पेसवॉक करताना अंगावर लावायच्या तापमान-सेन्सरवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन. एक: सूटमध्ये थंडाव्याची सोय आहे, ती कमीजास्त करायला छातीवर नॉब आहे, माणूस शुद्धीत आहे, रेडिओ चालू आहे. मग गरम होतंय का ते त्यालाच विचारा, हा सेन्सरचा सोस कशाला? दोन: कातडीवर चिकटवलेल्या पट्टीला शरीराच्या आतलं तापमान कळतं, ही ‘निव्वळ थाप’.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. कातडीचं तापमान वेगळं, गाभ्याचं, म्हणजे शरीराच्या आतलं, वेगळं. त्यात अंतराळवीर सूटच्या आत जो घट्ट पोशाख घालतो, त्यात जवळजवळ 90 मीटर बारीक नळ्या विणलेल्या असतात आणि त्यांतून गार पाणी फिरत असतं. अशा नळीशेजारी पट्टी चिकटवली तर ती माणसाचं कमी आणि पाण्याचंच तापमान जास्त सांगणार. यावर एक उपाय आहे, त्याच्यामुळेच मी घाईने ‘पट्टीला आतलं तापमान कळतं’ हे वाक्य लिहून बसलो. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कपाळावर लावायचा दुहेरी सेन्सर वापरला: दोन तापमापक, मध्ये उष्णता अडवणारा थर. दोन्हींतल्या फरकावरून आतून किती उष्णता बाहेर येतेय ते कळतं आणि त्यावरून गाभ्याचा अंदाज बांधता येतो. 2017 साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे चक्रावणारे होते. अंतराळ स्थानकावर काही महिने राहिल्यावर विश्रांतीतलं तापमानसुद्धा सुमारे 1 अंश सेल्सिअसने चढलेलं, आणि व्यायामात ते 40 च्या वर जात होतं.

पण हे सगळं स्थानकाच्या आतलं, उघड्या कपाळाचं. हेल्मेटमध्ये ऑक्सिजनचा झोत मागून डोक्यावरून चेहऱ्याकडे येतो. कपाळावर सतत वारा, म्हणजे अंदाजाचं गणित पुन्हा पडताळून पाहणं आलं. हे मी लिहायला हवं होतं.

‘त्यालाच विचारा’ या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. गारगरमची जाणीव आपल्याला बरीचशी कातडीकडून होते, आणि इथे कातडी गार नळ्यांना टेकलेली. सावलीतला धातूचा दांडा धरून बोटं बधिर होतात (हातमोज्यांत बोटांपाशी हीटर उगाच नाही बसवलेले), त्याच वेळी खांदे आणि धड राबून तापत असतं. बोटं गारठली म्हणून माणूस नॉब उबदार बाजूला फिरवतो आणि गाभा मुकाट वर चढतो. तो नॉबही मान वाकवून दिसत नाही बरं का. छातीवरच्या पेटीवरची अक्षरं उलटी छापलेली असतात, मनगटावरच्या आरशात बघून वाचायची.

आता जरा हिशेब. 80 किलोच्या शरीराचं तापमान 1 अंशाने वाढायला साधारण 280 किलोज्यूल लागतात. जोरात काम करणारा माणूस 300 वॉट उष्णता तयार करतो. ती बाहेर नेणारं काहीच नसेल तर पाव तासात एक अंश. थंडावा सहसा पूर्ण बंद पडत नाही हे खरं, पण हाताशी वेळ किती थोडा असतो ते यावरून कळावं.

5 जून 1966. जेमिनी 9-ए यानातून स्पेसवॉकसाठी बाहेर पडलेला अंतराळवीर युजीन सर्नन. सूटला फक्त वायूचा थंडावा होता, नळ्या नव्हत्या. ठोके 180 च्या घरात गेले, काच आतून धुकटली, आणि बाहेरचं दिसावं म्हणून त्याने नाकाने घासून काचेवरच्या धुक्यात एक भोक पाडलं. शुद्धीत होता, रेडिओही चालू होता. तो तापलाय हे सगळ्यांना समजत होतं. आत पारा किती चढलाय, ते ठोक्यांवरून कसं कळणार?

खरं तर तुमच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, तो मीच मांडतो. अपोलो चांद्रमोहिमांच्या वेळी ठोके, ऑक्सिजनचा खप आणि आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, या तिन्हींवरून माणूस किती राबतोय ते काढत. अंगाला तापमापक लावायची गरज नाही, झकास. पण पाणी सांगतं ती बाहेर गेलेली उष्णता. आत किती साठली, ते पाण्याला ठाऊक नसतं. माझा सगळा लेख या एका फरकासाठी होता, आणि तोच मी तिसऱ्या परिच्छेदात पुरून टाकला.

पोटातून तापमान कळवणारी गोळी गिळायचा पर्याय आहेच. 1998 मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी डिस्कव्हरी यानात तशी गोळी गिळली होती. गाभ्याच्या जवळचं मोजमाप मिळतं, पण वर गार पाणी प्यायलं की थोडा वेळ आकडा फसवतो.

आणि एक अडचण आपण दोघेही विसरलो. सूटमध्ये शुद्ध ऑक्सिजन असतो, वातावरणाच्या साधारण तीन-दशांश दाबाने. तिथे बॅटरी आणि वायर नेणं हा खेळ नाही. 1967 मध्ये अपोलो 1 च्या कुपीत शुद्ध ऑक्सिजनात आग लागून काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच.

लेखातलं ते वाक्य आज बदललंय: ‘कपाळावरचा सेन्सर गाभ्याच्या तापमानाचा अंदाज देतो, हेल्मेटमधल्या वाऱ्यात तो किती चुकतो ते आधी तपासावं लागेल.’ ‘थाप’ हा शब्द तेवढा लागला. ‘घाई’ म्हणाला असतात, तर इतकं लांबलचक उत्तर लिहिलंच नसतं.