मधल्या पट्टीत ऐका
काळ आणि वेल्श स्तोत्र यांवर बेतलेल्या विंड बँडच्या (फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या वृंदाच्या) रचनेवरचा तुमच्याकडचा लेख मनापासून आवडला. मात्र ‘रोसिमेद्रे’चा उल्लेख हवाच होता. वेल्समधल्या रेक्समजवळच्या रोसिमेद्रे गावचे धर्मगुरू जे. डी. एडवर्ड्स यांची ही १९व्या शतकातली ख्रिस्ती स्तोत्राची चाल. इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांनी तिच्यावर ऑर्गनसाठी लिहिलेली रचना १९२० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि वॉल्टर बीलर यांनी ती बँडसाठी बसवली. जेमतेम चार मिनिटांची आहे, पण काय सुंदर आहे!

सुरुवातीला स्तोत्र ऐकूच येत नाही. एक वेगळीच सुरावट संथ वाहत राहते आणि तिच्या पोटात, मधल्या पट्टीत, मूळ चाल लांब लांब सुरांनी शिरते. वरचे सूर आपल्या गतीने चाललेले, स्तोत्र स्वतःच्या सावकाश चालीने. लय एकच, पण दोन काळ एकाच वेळी कानावर पडतात. पुढे तीच चाल वरच्या पट्टीत येते तेव्हा ती कितीतरी दिवस ओळखीची असल्यासारखी वाटते.

ऑर्गनला दम लागत नाही, बँडला लागतो. ही लांब वाक्यं न तुटता वाजवायची तर वादकांना आळीपाळीने, शेजाऱ्याच्या श्वासावर लक्ष ठेवून श्वास घ्यावा लागतो. म्हणूनच मला ऑर्गनपेक्षा बँडचं रूप जास्त भिडतं. फक्त लय फार ओढू नये. काही बँड भक्तिभावाच्या नावाखाली ती इतकी रेंगाळवतात की वरची सुरावट वाहायचीच थांबते. लेखकाने वेल्श चालींवर आणखी लिहावं, ‘हफ्रुडॉल’वर तर नक्कीच.