बोर्डिंग पास जपा, भाल्याचं नंतर बघू

अभिनंदन! तुमची मुलगी भालाफेकीत आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी निवडली गेली. आता बालेवाडीचा सराव बंद करा आणि झेरॉक्सचा सुरू करा.

पासपोर्टची तारीख मुळीच बघू नका. लहान मुलांचा पाच वर्षांतच संपतो, आणि शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच) परतीनंतर आणखी तीन महिने शिल्लक लागतात; हे व्हिसा केंद्राच्या खिडकीवर कळण्यात वेगळी मजा आहे.

व्हिसाला साधारण 15 दिवस लागतात, म्हणून निवडपत्र 18 दिवस आधी येतं. मधल्या तीन दिवसांत आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र (500चा स्टॅम्प पेपर, 100चा बंद झालाय), बँकेचं शिक्क्यासह स्टेटमेंट, 30,000 युरोचा प्रवासविमा आणि शाळेचं पत्र. मुख्याध्यापक मीटिंगला गेलेत.

भाला दोन मीटरच्या वर. चार इंची पीव्हीसी पाइप दहा फुटी मिळतो, तो कापून घ्या, दोन्हीकडे झाकणं, टोकापाशी स्पंज. विमान कंपनीला आधी कळवा, नाहीतर पोरगी जाईल आणि भाला मुंबईत राहील.

स्पर्धेला खेळाडूंची नावं साहेब वेळेत देतीलच. 2025 साली जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत आपले 12 बॅडमिंटनपटू पोहोचले, नावं सहाच जणांची लागली. उरलेल्या सहांची जर्मनी तेवढी बघून झाली.

आता पैसे. शासन देतं हो, नक्की देतं. फक्त नंतर. आधी तुम्ही भरायचे, मग फाइल करायची: तिकिटं, जीएसटीची बिलं, संघटनेचं पत्र, सहभाग प्रमाणपत्र, युरोचा त्या दिवशीचा दर, सगळं तीन प्रतींत. आणि मूळ बोर्डिंग पास! परवाच एक फाइल शेरा मारून परत आली, मोबाइलवरचा पास ग्राह्य नाही म्हणून. तोच क्यूआर दाखवून पोरीने देश ओलांडला, साहेबांचं टेबल काही ओलांडता आलं नाही. तेव्हा काउंटरवर छापील पास मागून घ्या. मध्ये विमान बदललं तर जाऊन-येऊन चार. तो थर्मल कागद असतो, शाई उडते, त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पण झेरॉक्स म्हणजे मूळ प्रत नव्हे! साहेब, मूळ प्रत पांढरीफटक होईस्तोवर फाइल तुम्हीच ठेवून घेता आणि मग 'अवाचनीय' लिहिता? त्यात मार्च उलटला की म्हणे तरतूद संपली, आता पुढच्या वर्षी या.

हसू येत नाही आता. ज्याच्या घरात दोन-अडीच लाख पडून आहेत, त्याच्याच पोरीला ही मदत मिळते. जिचा बाप रिक्षा चालवतो, ती निवडपत्र लॅमिनेट करून भिंतीला लावते. 1952 साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. त्याच खाशाबांच्या जयंतीला, 15 जानेवारीला, तुम्ही राज्य क्रीडा दिन करता, हार घालता, भाषणं ठोकता. लाज कशी वाटत नाही? तिकिटाचे पैसे तिकीट काढायच्या आधी द्या. हिशोब मागा, आल्यावर पै न् पै मागा. पण आधी द्या.