इंजिन खोलायच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा
एका लेखात म्हटलंय टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेली गाडी ऑइल प्यायला लागली की पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा, पण थांबा हो, लगेच इंजिन खोलू नका. माझी टर्बो पेट्रोल १००० किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल खायची, खाली एक थेंब नाही, फक्त सकाळी सायलेन्सरमधून निळसर धूर. मेकॅनिकने इंटरकूलरचा (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होस काढून आत बोट फिरवलं, काळं ऑइल चिकटलेलं, म्हणाला टर्बोच बदला, आणि शेवटी निघालं काय तर पीसीव्ही व्हॉल्व्हचा, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ बेतानं बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, पडदा फाटलेला, म्हणून क्रँककेसमधली (इंजिनच्या खालच्या भागातली) ऑइलची वाफ सरळ इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, ओढली जायची. व्हॉल्व्ह बदलला, आता टॉपअप जवळजवळ नाहीच. आणि डिपस्टिक (ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी) दर रविवारी बघत जा, ऑइलचा दिवा लागायची वाट बघू नका, तोवर टर्बोचं बेअरिंग गेलेलं असू शकतं.