कोविड पॉझिटिव्ह मुलाची पोटदुखी आणि ग्रुपवरचा तो मेसेज

मुलाला कोविड असताना पोट दुखलं तर ते कोविडचंच, असं छातीठोकपणे सांगणारा मेसेज सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपांवर फिरतोय. पुढचा मजकूर थोडक्यात असा: हॉस्पिटलवाले अपेंडिक्स सांगून कापायलाच बसलेत; बेंबीवर हिंग लावा, गरम पाण्याची पिशवी ठेवा; फारच वाटलं तर अँटिबायोटिक द्या; ऑपरेशन नकोच, कोविडमध्ये भूल मानवत नाही.

पहिला मुद्दा खपतो, कारण तो अर्धा खरा आहे. कोविडमध्ये मुलांना उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. पण म्हणून त्याच आठवड्यात अपेंडिक्स सुजणारच नाही, हे कुठून काढलं? नाकातल्या स्वॅबला पोटातलं काय कळणार! अपेंडिक्सचं दुखणं सहसा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. आधी दुखणं, उलटी मागाहून. मूल आवडीचा खाऊही नको म्हणतं, वाकून चालतं, उडी मार म्हटलं तर मारत नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली रुग्णांना विचारलं होतं, येताना गतिरोधकावर पोटात कळ आली का? अपेंडिक्स खरोखर सुजलेलं निघालेल्या ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले होते. ही सगळी मोठी माणसं, आणि कळ आली म्हणजे अपेंडिक्सच असंही नव्हे. तरी रिक्षातून येताना पोर दर खड्ड्याला पोट धरत असेल (आणि मुंबईत खड्ड्यांची वानवा नाही), तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांना दुखणं धड सांगता येत नाही आणि अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त.

हिंग-पिशवीत वेळ जातो, हे खरं दुखणं. दीड-दोन दिवस उलटले की फुटण्याची भीती वाढत जाते. फुटल्यावर कळ थोडा वेळ कमीही होते, आणि घरच्यांना वाटतं पिशवीचा गुण आला! २०२० मध्ये जगभरच्या अनेक हॉस्पिटलांनी हेच नोंदवलं: मुलं उशिरा पोचली आणि फुटलेलं अपेंडिक्स जास्त दिसू लागलं.

'कापायलाच बसलेत' म्हणावं तर डॉक्टर इथे उलट दोनदा विचार करतात. कोविड होऊन गेल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी काही मुलांना एमआयएस-सी (अनेक अवयवांना सूज आणणारा आजार) होतो: ताप, लाल डोळे, पुरळ आणि अपेंडिक्सच वाटावं अशी पोटदुखी. त्यावर इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) आणि स्टेरॉइड देतात, ऑपरेशन नव्हे. म्हणून रक्ततपासणी, सोनोग्राफी, गरज पडली तर हृदयाचा एको. महिन्यापूर्वी घरात कोणाला कोविड झाला होता, हेही सांगायला विसरू नका.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर न फुटलेल्या अपेंडिक्सवर तो उपचार आहेच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वयाच्या अशा मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांना वर्षभर ऑपरेशन लागलं नाही. पण ती मुलं तपासून निवडलेली होती, औषध शिरेतून सुरू केलेलं होतं, तेही हॉस्पिटलात. केमिस्टकडून आणलेल्या स्ट्रिपशी त्याचा संबंध नाही.

राहिली भूल. ही भीती मुख्यतः मोठ्यांच्या, लसीआधीच्या आकड्यांवरून आली. मुलांत धोका बराच कमी असतो. श्वासाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञ ते तपासूनच ठरवतात. परळचं वाडिया तर मुलांचंच हॉस्पिटल. केईएम, सायन, नायरमध्येही मुलांचे सर्जन आहेत. जाताना पॉझिटिव्ह रिपोर्ट लपवू नका. आणि 'पोटात काहीतरी असू दे' म्हणून दूध-बिस्किट भरवू नका. ऑपरेशन ठरलंच तर भुलीसाठी पोट रिकामं लागतं.